ऐकूं न येणारी षष्ठी

रेडिओवरून ज्याविषयीं बोलण्याच्या भरीस कोणी पडूं नये असा एखादा विषय असेल, तर तोच आज मीं निवडला आहे. कारण ज्या खुणेविषयीं मला बोलावयाचें आहे ती खूण कानाला मुळींच ऐकूं येत नाहीं. कागदावर ती एखाद्या स्वल्पविरामाएवढी, पण ओळीच्या डोक्यावर टांगलेली असते. इंग्रजींत तिला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. एखादें अक्षर गाळलें आहे हें दाखविणें हें तिचें मूळचें काम. म्हणून आज आपण तिला लोपचिन्ह म्हणूं. हें भाषण पुढें छापलें जाईल तेव्हां वाचकांना ती खूण दिसेल. श्रोत्यांनीं मात्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा.

बहिणीला इंग्रजींत सिस्टर म्हणतात हें सर्वांस ठाऊक आहे. अनेक बहिणी असल्या कीं सिस्टर्स. एका बहिणीचें कांहीं असलें कीं सिस्टर’स. येथें लोपचिन्ह ‘स’च्या आधीं. अनेक बहिणींचें कांहीं असलें कीं सिस्टर्स’. येथें तें ‘स’च्या नंतर. हे तीन शब्द मी आतां ओळीनें उच्चारतों, आणि तुम्हीं कोणता कोणता तें ओळखावें : सिस्टर्स, सिस्टर्स, सिस्टर्स. ओळखतां आलें नाहीं ना? त्यांत तुमच्या कानाचा दोष नाहीं आणि माझ्या उच्चाराचाहि नाहीं. लंडनचा प्राध्यापक येथें येऊन बसला तरी त्याच्या तोंडूनहि ते तिन्ही शब्द सारखेच निघतील.

माझा या खुणेशीं संबंध केवळ शाळामास्तराचा नाहीं. खोपोलीजवळ, मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यावर, शिळफाटा म्हणून ठिकाण आहे. त्या फाट्यापासून आंत पायीं जाण्याच्या अंतरावर माझ्या मामाची लहानशी वाडी होती. आंब्याचीं सतरा झाडें, एक विहीर आणि एक कौलारू घर. याहून जास्त कांहीं नाहीं. मामानें लग्न केलें नव्हतें. मुंबईच्या एका कचेरींत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळण्यांत त्याचें सारें आयुष्य गेलें. त्याला तीन बहिणी. थोरली माझी आई. मधली मावशी पुण्यास दिलेली. आणि धाकटी मावशी, जी ऐन तारुण्यांत विधवा होऊन दोन मुलांसह त्याच वाडींतल्या घरीं राहूं लागली. मामा १९७४ च्या पावसाळ्यांत वारला. त्याचें मृत्युपत्र निघालें तें त्याच्या संवयीप्रमाणें इंग्रजींत, टंकलिखित, खालीं सही आणि दोन साक्षीदार. वाडी कोणाला द्यावयाची तें एकाच वाक्यांत होतें : ‘टु माय सिस्टर्स सन्स’. लोपचिन्ह कोठेंच नव्हतें. टंकलेखकानें तें ‘स’च्या आधीं गाळलें कीं नंतर, हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें.

आधीं असेल, तर वाडी एका बहिणीच्या मुलांची, म्हणजे घरांत वाढलेल्या त्या दोघां भावांची. नंतर असेल, तर तिन्ही बहिणींच्या मुलांची, म्हणजे आम्हां सातांची. त्या वेळीं मी त्याच तालुक्यांतल्या एका शाळेंत इंग्रजी शिकवीत होतों. तेराव्याच्या दुपारीं कागद फिरत फिरत माझ्या हातीं आला आणि सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. “हा इंग्रजीचा मास्तर आहे, हा सांगेल,” असें पुण्याचे काका म्हणाले. मी इंग्रजीचा मास्तर होतों हें खरें; पण त्या सात जणांपैकीं मीहि एक होतों, हें ते विसरले होते. मी विसरलों नव्हतों.

त्या कागदाकडे मी शेवटीं येईन. आधीं या खुणेची रीत काय आहे तें पाहूं, कारण ती ठाऊक नसेल तर त्या दिवशींची माझी अडचण समजावयाची नाहीं.

इंग्रजीचें शब्दयोगी अव्यय नामाच्या आधीं येतें आणि आपलें नंतर, येथून आपल्या मुलांचा घोटाळा सुरू होतो. आपण ‘मुलांच्या शाळेंत’ म्हणतों तेव्हां तो ‘त’ शाळेच्या पाठीला घट्ट चिकटलेला असतो; तो मुलांचा आहे असें कोणालाहि वाटत नाहीं. इंग्रजींत तेंच ‘इन द बॉईज’ स्कूल’ असें होतें, आणि ‘इन’च्या पुढें पहिलें नाम दिसतें तें मुलांचें. एका विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें, “सर, ‘फॉर’ नंतर ‘देम’ येतें असें तुम्हीं शिकविलें, मग ‘फॉर देअर चिल्ड्रन’ कसें?” प्रश्न चांगला होता. मीं त्याला एस. टी.चा दाखला दिला. गाडींत गर्दी झाली कीं कंडक्टर पुढें उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावरून हात नेऊन मागच्याला तिकीट देतो. तिकीट मागच्याचें, पुढचा नुसता वाटेंत उभा. तसें इंग्रजींतलें ‘इन’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’ हें मालकाच्या खांद्यावरून हात नेऊन मालकीच्या वस्तूला धरतें. मालकाच्या नामावर त्याचा कांहींहि परिणाम होत नाहीं. तें जसें आधीं होतें तसेंच, आपल्या लोपचिन्हासह, उभें राहतें.

आपल्या मुलांना तसा परिणाम होईल अशी भीति कां वाटते, याचेंहि कारण मराठींतच आहे. ‘बहिणीचीं मुलें’ हे शब्द घ्या आणि त्यांच्यापुढें ‘ना’ लावा : ‘बहिणीच्या मुलांना’. ‘चीं’चें ‘च्या’ झालें. आपली षष्ठी विशेषणासारखी वागते. ज्याची मालकी सांगावयाची त्या वस्तूचें लिंग, वचन आणि पुढचा प्रत्यय, सर्वांशीं ती जुळवून घेते. पाणिनीनेंहि षष्ठीला कारकांत जागा दिली नाहीं, कारण तिचा संबंध क्रियेशीं नसून दुसऱ्या नामाशीं असतो. इंग्रजीच्या षष्ठीला मात्र असें जुळवून घेणें ठाऊक नाहीं. ती आपली ताठ उभी.

आतां एक मौजेचा प्रकार सांगतों. कधीं कधीं मालकीची वस्तु वाक्यांतून नाहींशीच होते. ‘ॲट द जोशीज’’ म्हणजे जोशांच्या घरीं. पण ‘घर’ हा शब्द कोठें आहे? तो बोलणाऱ्याच्या मनांत राहिला. मागें कोणी नाहीं म्हणून तिकीट पुढच्याच्याच हातांत दिल्यासारखें येथें दिसतें. पण लोपचिन्ह सांगत असतें कीं मागें कोणी तरी आहे. आपल्याकडेहि अशी रीत आहे. आपण ‘जोशांकडे’ म्हणतों, आणि साताऱ्या-कोल्हापुराकडचे लोक ‘पाटलांच्यांत’ म्हणतात. तेथें ‘पाटलांच्या घरांत’ यांतलें घर गिळलेलें आहे. खोपोलींत ‘तो टाटांकडे आहे’ असें म्हटलें कीं १९१५ पासून तेथें चालत आलेलें वीजघर डोळ्यांपुढें येतें, कोणाचा बंगला नव्हे. आणि सासुरवाशीण ‘माहेरीं जातें’ म्हणते, त्या एका शब्दाला इंग्रजींत ‘टु माय पेरेंट्स’’ याहून जवळचें कांहीं नाहीं. त्या लोपचिन्हामागें जें अदृश्य घर आहे, तेंच आपल्या ‘माहेर’ शब्दांत उघड नांदतें आहे.

या प्रकाराचें सर्वांत जिवंत उदाहरण मात्र आपल्या रेल्वेंत धांवतें. कर्जतची किंवा खोपोलीची लोकल घ्या. ‘लेडीज’ डबा’ यांतला ‘लेडीज’ हा शब्द मूळचा अनेकवचनी षष्ठीचा : बायकांचा. आपण लोपचिन्ह टाकलें, मग डबाहि टाकला, आणि उरलें ‘लेडीजमध्यें चढ’. ही रचना ‘पाटलांच्यांत’ सारखीच आहे. वस्तु गेली आणि मालकालाच अव्यय चिकटलें. त्याहून पुढें जाऊन आपण ‘लेडीजच्या डब्यांत’ म्हणतों. म्हणजे षष्ठीवर आणखी एक षष्ठी! वैयाकरणानें कपाळास हात लावावा अशी ही गोष्ट. पण मला ती मनापासून आवडते. परक्या शब्दाच्या पोटांतला प्रत्यय ऐकूं येईना, म्हणून आमच्या भगिनींनीं आपला, ऐकूं येणारा, वरून लावून घेतला.

इंग्रजीनेंहि क्वचित् अशी दुहेरी षष्ठी केली आहे, आणि ती ‘ऑफ’ या अव्ययानंतर. ‘माझ्या आईवडिलांचा एक स्नेही’ याला ‘अ फ्रेंड ऑफ माय पेरेंट्स’’ म्हणतात. ‘ऑफ’ म्हणजेच ‘चा’, मग शेवटीं आणखी लोपचिन्ह कशाला, असा प्रश्न येतो. बिशप लाउथ यांनीं १७६२ मध्यें आपलें इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केलें, त्यांतहि या रचनेची दखल आहे. राजाचा एक शिपाई म्हणजे राजाच्या शिपायांपैकीं एक, अशी त्यांची फोड. ही फोड पुष्कळ ठिकाणीं चालते, सगळीकडे नाहीं. हल्लीं आईवडिलांच्या स्नेह्याला पुष्कळ चांगले लेखक लोपचिन्हावांचूनहि लिहितात, आणि त्यांना कोणी चुकीचें म्हणत नाहीं.

पण एके ठिकाणीं हें चिन्ह खरें काम करतें. ‘आजीआजोबांचा फोटो’ म्हणजे काय? ज्यांत आजीआजोबा दिसतात तो, कीं त्यांच्या ट्रंकेंत सांपडला, आणि ज्यांत खंडाळ्याचा घाट आहे, तो? मराठी गप्प बसते. फार तर ‘आजोबांकडचा’ म्हणावें लागतें. इंग्रजींत लोपचिन्ह नसेल तर पहिला, असेल तर दुसरा. येथें मी विद्यार्थ्यांना एक कसोटी देत असें. नामाच्या जागीं सर्वनाम ठेवून पाहा. ‘देम’ बसत असेल तर चिन्ह नको. ‘देअर्स’ बसत असेल तर चिन्ह हवें. सर्वनामांत फरक कानाला ऐकूं येतो, आणि नामांत झांकलेला असतो तो तेथें उघडा पडतो. मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणांत हाती धरून ठेवण्यासारखा एवढाच एक नियम आहे.

कालाच्या मापांत तर दोन्ही भाषा हातांत हात घालून चालतात, याचें मला नेहमीं नवल वाटतें. ‘दोन दिवसांची रजा’, ‘तीस वर्षांच्या नोकरीनंतर’, ‘तीन आठवड्यांच्या आंत’. येथें दिवस, वर्षें आणि आठवडे हे कांहीं कोणाचे मालक नव्हेत. तरी मराठीनें त्यांना षष्ठी दिली आणि इंग्रजीनेंहि दिली : ‘आफ्टर थर्टी इयर्स’ सर्व्हिस’. निवृत्तीच्या समारंभांत जीं मानपत्रें वांचतात त्यांत हें चिन्ह शंभरांत नव्वद वेळां नसतें. माझ्याहि मानपत्रांत नव्हतें. मीं तें घरीं येऊन शाईनें घातलें. शिक्षकाची खोड, दुसरें काय!

ज्या अनेकवचनांच्या शेवटीं ‘स’ नाहीं, तेथें अडचणच नाहीं. चिल्ड्रन, मेन, विमेन, यांना षष्ठींत नवा ‘स’ लागतो आणि तो स्पष्ट ऐकूं येतो : चिल्ड्रन’स, विमेन’स. दुर्दैवानें असे शब्द मोजके. बाकीच्यांत अनेकवचनाचा ‘स’ आणि षष्ठीचा ‘स’ एकमेकांत मिसळून गेले. प्राचीन इंग्रजींत असें नव्हतें; तेथें एकवचनी षष्ठीचा प्रत्यय वेगळा, अनेकवचनीचा वेगळा, आणि दोन्ही कानाला कळत. पुढें शेवटचे स्वर झिजत गेले, जिकडे तिकडे ‘स’ उरला, आणि बोलण्यांतला भेद बुडाला. लोपचिन्ह इंग्रजींत आलें सोळाव्या शतकांत, तेंहि गाळलेलें अक्षर दाखविण्यापुरतें. एकवचनी षष्ठीवर तें स्थिरावलें सतराव्या शतकाच्या अखेरीस. आणि अनेकवचनी षष्ठीवर अठराव्या शतकांत कोठें पाय रोवूं लागलें. म्हणजे शेक्सपिअरनें जें चिन्ह नेमानें वापरलें नाहीं, त्यासाठीं आम्हीं खालापूर तालुक्यांतल्या पोरांचे गुण कापले.

मुंबईंत अपोलो बंदराजवळ ‘सेलर्स’ होम’ ही भव्य इमारत १८७६ सालीं पुरी झाली. खलाशांचें घर, अनेक खलाशांचें, म्हणून चिन्ह ‘स’च्या नंतर. १९२८ पासून तेथें विधिमंडळ भरत असे, आणि १९८२ पासून तें राज्याच्या पोलीस दलाचें मुख्यालय आहे. मालक बदलले आणि जुनी षष्ठी इतिहासांत गेली. पांच सप्टेंबरचा शिक्षकदिन १९६२ पासून आपण पाळतों. त्या दिवशींचे फलक पाहावेत. कोठें एकाच शिक्षकाचा दिवस, कोठें अनेकांचा, कोठें कोणाचाच नाहीं. उलट मातृदिनाचा पुरस्कार करणाऱ्या ॲना जार्विस या अमेरिकन बाईंनीं चिन्ह ‘स’च्या आधींच हवें असा हट्ट धरला होता, प्रत्येक घरानें आपल्या एका आईचें स्मरण करावें, साऱ्या जगांतल्या मातांचें नव्हे, असा त्यांचा भाव. एका टिंबाएवढ्या खुणेंत केवढा अर्थ सांठवतां येतो पाहा. आणि इंग्रज स्वतः किती काटेकोर? लंडनच्या भुयारी रेल्वेंत पिकॅडिली मार्गावर ‘अर्ल’स कोर्ट’ आणि ‘बॅरन्स कोर्ट’ हीं लागोपाठचीं स्टेशनें. पहिल्याला चिन्ह आहे, दुसऱ्याला नाहीं.

आपल्या गांवांच्या नांवांत ही कटकटच नाहीं. शीळ गांवाचा फाटा तो शिळफाटा. ठाकरांची वाडी ती ठाकूरवाडी. षष्ठीचा प्रत्यय गिळला, समास झाला, आणि काम भागलें. फाटे मात्र दोन आहेत : एक हा खोपोलीचा, आणि दुसरा तिकडे मुंब्र्याच्या पलीकडे कल्याणच्या वाटेवर, कारण तेथेंहि एक शीळ गांव आहे. मामाची पत्रें त्या दुसऱ्या फाट्याकडे भटकून आल्याचें आम्हीं ऐकलें आहे. अलीकडे आमच्या कर्जत-खालापूर भागांत मुंबईकरांचीं फार्महाउसें पुष्कळ झालीं. त्यांच्या फाटकांवर ‘द पाटील’स’ अशा संगमरवरी पाट्या दिसतात. लोपचिन्ह ‘स’च्या आधीं असल्यामुळें त्यांचा अर्थ ‘त्या एका पाटलाचें’ एवढाच होतो. आंत सारें कुटुंब राहतें. पाटीनें तें बाहेर ठेवलें आहे.

आतां मुद्द्यावर येतों. इंग्रजाचा कान ज्या ठिकाणीं बहिरा आहे, त्या ठिकाणीं आपला कान जागा आहे. ‘बहिणीच्या’ आणि ‘बहिणींच्या’ हे शब्द ऐका. दुसऱ्यांत ‘च्या’च्या आधीं एक अनुनासिक स्पष्ट वाजतें. ‘मुलाच्या, मुलांच्या’, ‘शेतकऱ्याच्या, शेतकऱ्यांच्या’. अगदीं निरक्षर कातकरीणसुद्धां हा भेद बोलण्यांत चुकत नाहीं. १९६२ सालीं मराठी लेखनाचे नवे नियम झाले तेव्हां न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा हा अनुस्वार मात्र मुद्दाम राखला. (माझ्या स्वतःच्या लिहिण्यांत ते काढून टाकलेले अनुस्वारहि अजून आहेत. हात लहानपणीं वळला तो वळला; संपादक ते छापतील अशी मी आशा करतों.) आपण लिहितों तो हा अनुस्वार आपण बोलतों म्हणून लिहितों. इंग्रजाचें लोपचिन्ह कागदावर जन्मलें आणि कागदावरच राहतें.

म्हणून इंग्रजी लिहितांना शंका आली कीं मीं माझ्या मुलांना सांगावें : आधीं तेंच मराठींत मोठ्यानें म्हणा. अनुस्वार ऐकूं आला तर चिन्ह ‘स’च्या नंतर, नाहीं आला तर आधीं. या युक्तीनें पुष्कळ मुलें पास झालीं. पण या युक्तींत एक खड्डा आहे, आणि त्यांतहि पुष्कळ पडलीं. तो खड्डा आपल्या सभ्यतेनें खणला आहे. ‘सरांच्या घरीं’, ‘काकांच्या दुकानांत’, ‘तर्खडकरांच्या पाठमालेंत’. माणूस एक, पण आदरानें त्याला अनेकवचन, आणि १९६२ च्या नियमांनीं या आदरार्थीं अनेकवचनालाहि अनुस्वार सांगितला आहे. मराठी कान ऐकतो अनुस्वार, आणि पोरगा लिहितो ‘माय अंकल्स’ शॉप’. इंग्रजाला वाटतें, दुकान भागीदारींतलें दिसतें! तेव्हां अनुस्वार ऐकूं आल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : हा मोजण्याचा अनुस्वार आहे, कीं मान देण्याचा? बहिणीला, लेकराला, मित्राला आपण असा मान सहसा देत नाहीं, म्हणून तेथें कान दगा देत नाहीं.

आतां त्या तेराव्याच्या दुपारीं परत जाऊं. माझ्या हातांत कागद होता आणि मला ठाऊक होतें कीं व्याकरणानें मी कोणतीहि बाजू मांडूं शकतों. ‘माय सिस्टर्स सन्स’ यांत ‘सिस्टर्स’ हें बहिणींचें आहे असें मी खात्रीनें म्हटलें असतें, तर घरांतल्या कोणाला तें खोडतां आलें नसतें. माझ्या थोरल्या भावाला त्या वर्षीं पैशांची फार गरज होती, आणि तो माझ्याकडे ज्या नजरेनें पाहत होता ती मला अजून आठवते. मीं इतकेंच म्हटलें, “कागदावरून दोन्ही अर्थ निघतात. मामाच्या मनांत कोणता होता तें इंग्रजींतून कळणार नाहीं.” पुण्याच्या काकांना हें मुळींच पटलें नाहीं. एवढीं वर्षें इंग्रजी शिकवून एका ओळीचा अर्थ सांगतां येत नाहीं, असें ते जरा मोठ्यानेंच म्हणाले.

मृत्युपत्राला ठराविक शब्दांची गरज नाहीं, लिहिणाराचा हेतु कळला पाहिजे, असें आपला वारसाविषयींचा कायदा सांगतो. पण हेतु कळावा कशावरून? मामाचीं मराठी पत्रें काढलीं. त्याचें मराठी जुन्या वळणाचें. अनुस्वार त्यानें इतके उधळलेले असत कीं ज्या शब्दाला नको त्याच्याहि डोक्यावर एक असे. एका पोस्टकार्डांत ‘बहिणींच्या मुलांचें पाहिलें पाहिजे’ असें वाक्य सांपडलें, आणि मधल्या मावशीचा चेहरा उजळला. पण त्याच कार्डांत ‘आईंच्या श्राद्धाला’ असेंहि लिहिलें होतें. मामा स्वतःच्या आईला जन्मभर ‘अगे आई’ म्हणत आला होता. तिला कधीं मानाचें अनेकवचन मिळालें नाहीं. म्हणजे त्याच्या कागदावरचा अनुस्वारहि साक्षीला उपयोगाचा नव्हता.

आई त्या वेळेपर्यंत स्वयंपाकघरांत होती. ती हात पुसत बाहेर आली. तिला इंग्रजी येत नव्हतें आणि वाद कशाचा आहे हें तिला कोणीं सांगितलेंहि नव्हतें. मीं तिला एवढेंच विचारलें, “आई, मामा वाडीबद्दल काय म्हणाला होता, तें त्याच्याच शब्दांत सांग.” ती म्हणाली, “काय म्हणायचा? गेल्या आखाडांत पडवींत बसून म्हणाला, ताई, ही वाडी बहिणीच्या पोरांना लिहिली हो.” मीं तिला पुन्हां म्हणावयास लावलें. तिनें पुन्हां तेंच म्हटलें. ‘बहिणीच्या.’ मध्यें कांहीं वाजलें नाहीं. तिसऱ्यांदा विचारलें तेव्हां ती रागावली. “तुझ्याशीं बोलतांना तो तुम्हांला लिहिली म्हणाला असता,” ती म्हणाली, “माझ्याशीं बोलतांना बहिणीच्या म्हणाला, म्हणजे ती माझीं पोरें कशीं?”

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. आपल्याच दोन मुलांच्या हातून वाडी जात आहे हें तिला बोलतांना कळलें होतें कीं नाहीं, हें मीं तिला पुढें कधीं विचारलें नाहीं. भाऊ उठून विहिरीकडे गेला. मधल्या मावशीनें कागदाची घडी केली.

पुढच्या महिन्यांत आम्हीं पांच जणांनीं खालापुरास जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. पुण्याचे दोघे कुरकुरत आले, पण आले. परततांना शिळफाट्यावर उतरून एस. टी.ची वाट पाहत असतांना मीं मृत्युपत्राची माझ्याजवळची नक्कल काढली, खिशांतली पेन्सिल घेतली आणि ‘सिस्टर’ आणि ‘स’ यांच्या मध्यें तें लहानसें चिन्ह घातलें. वर्गांत हजारों वेळां घातलें होतें तसेंच. मग वाटलें, कागद मामाचा आहे, विद्यार्थ्याची वही नव्हे. गाडी येईपर्यंत मीं तें खोडून टाकलें.